दिवेलागणीची वेळ

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी 15 ऑगस्ट 2022 पासून सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजू लागला. दीड तास दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद. मुलांनी पुस्तक उघडावयाचे. करोनाच्या साथीनंतर शाळेत परतलेली मुले लिहिण्यावाचण्यास कंटाळतात, हे शिक्षकांच्या ध्यानी आले होते. मात्र 2020 साली ते यंत्र मुलांच्या हाती शाळेच्याच निमित्ताने आले, हेही विसरता येत नाही. (शाळेचाही नाइलाज होता, ही गोष्ट वेगळी.)

जबलपूरच्या मराठी घरांत या वृत्ताला निराळा अर्थ प्राप्त होतो. येथे शाळेची, बाजाराची, खेळाची भाषा हिंदी. मराठीच्या वाट्याला येतात त्या घरातल्या दोन घटका, दिवेलागणीपासून पाने वाढली जाईपर्यंतच्या. आजीने शुभंकरोती म्हणवून घ्यावे, आजोबांनी नागपूरकर भोसल्यांच्या अमलातील काही सांगावे, तर नेमका त्याच वेळी तेरा-चौदा वर्षांचा नातू पडद्यात बुडालेला. आणि तो पडदाही बोलतो हिंदी वा इंग्रजीच. वडगावच्या मुलाचा अभ्यास बुडतो; या मुलाची भाषाच हातची जाते.

भोंग्याचा उपाय जबलपुरास लागू पडणारा नव्हे. मराठी घरे मोहल्ल्यामोहल्ल्यांतून विखुरलेली. शाळेला मात्र एक गोष्ट सहज साधण्याजोगी आहे: गृहपाठ फळ्यावर लिहून द्यावा, व्हॉट्सॲपवर धाडू नये. ‘गृहपाठ पाहतो आहे’ या उत्तरापुढे आजीचे काही चालत नाही.