चतुःसीमा

गेल्या हिवाळ्यात मी एका बंगाली प्रवासवर्णनाचा मराठी अनुवाद करत होते. त्यात एफेससवर एक प्रकरण होतं. लेखक सकाळी तिथले अवशेष बघतो, दुपारी जवळच्या कुशादासीच्या किनाऱ्यावर पोहतो, संध्याकाळी मासे खातो. रंगमंदिरापासून बंदराकडे जाणारा फरसबंद रस्ता तिथे अजून आहे, खांबांसकट. फक्त टोकाला बंदर नाही. नदीच्या गाळाने खाडी भरत गेली आणि समुद्र काही किलोमीटर मागे सरला.

दिवसभराचं काम रात्री आईला वाचून दाखवायची माझी सवय आहे. बाबा गेल्यावर तीन वर्षांपूर्वी ती रेवदंड्याहून माझ्याकडे कोलकात्याला आली. अडखळणारं वाक्य ती बरोबर पकडते. त्या रात्री मात्र भाषेबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "समुद्र कसा काय निघून जाईल? माणसं जातात."

मी घाईघाईने विषय बदलला. त्याला कारण होतं. चुलत भावाने रेवदंड्याच्या घराच्या आणि वाडीच्या साठेखताचा मसुदा पाठवून चार महिने झाले होते. गिऱ्हाईक मुंबईचं, किंमत बरी, सगळ्यांची संमती झालेली. अडलं होतं ते फक्त आईच्या सहीवाचून. घर विकावं असंच माझं मत होतं. बंद घराची कौलं दर पावसाळ्यात कोण शाकारणार? पण ते पाकीट तिच्यापुढे ठेवायचा धीर होत नव्हता. हरिचरण बंद्योपाध्यायांच्या 'बंगीय शब्दकोशा'च्या दुसऱ्या खंडात मी ते घालून ठेवलं होतं.

"समुद्र निघून गेलेलं एक गाव इथेही आहे," मी म्हटलं. "तमलुक. दिघ्याच्या वाटेवरच. जायचं का?"

तिला दिघ्याचा समुद्र बघायचा होता, मला तमलुक. हावड्याहून दिघ्याला जाणाऱ्या गाडीचं नाव ताम्रलिप्त एक्स्प्रेस. तमलुकचंच हे जुनं नाव. ज्या बंदराचा समुद्र गेला त्याचं नाव लावलेल्या गाडीत बसून लोक समुद्रावर जातात, हे मला फार गमतीचं वाटतं. डब्यात ते दुसऱ्या कुणाला वाटत असल्याचं दिसलं नाही.

दिघ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गर्दी, शहाळी, शिंपल्यांच्या माळा, धूप थांबवायला टाकलेले दगड. सुरूचं बन बघून आईला बरं वाटलं. बंगालीत त्याला 'झाऊ' म्हणतात, हे ऐकून तिने नाक मुरडलं. संध्याकाळी ती दगडावर बसून राहिली. सूर्य पाण्यात न जाता कडेच्या झाडांमागे गेला, तेव्हा म्हणाली, "ह्यांचा समुद्र चुकीच्या बाजूला आहे." पश्चिम किनाऱ्यावर जन्म काढलेल्या बाईला याहून वेगळं काय वाटणार!

परतताना तमलुकला उतरलो. समुद्राचा मागमूस नाही. गावाजवळून रूपनारायण वाहते, रुंद आणि गढूळ. फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला इथे दोन वर्षं राहिला, सूत्रांच्या नकला करत, मूर्तींची चित्रं काढत. मग व्यापारी जहाजात बसून चौदा दिवसांनी सिंहलद्वीपाला पोचला. इत्सिंग ६७३ साली इथे उतरला आणि पुढे नालंदेकडे जाण्याआधी इथेच राहून संस्कृत शिकला. जादवपूरला तौलनिक साहित्याचं एम.ए. करताना मी हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. आता माझं पोट अनुवादावर चालतं, तेव्हा ते वेगळं दिसतं: परक्या बंदरात भाषा शिकत बसलेला एक मनुष्य, सोबत कागद, आणि परत कधी जायचं ते वाऱ्याच्या हातात. मीही एम.ए.ची दोन वर्षं म्हणूनच आले होते.

मला काहीतरी बघायचं होतं. एफेससला खांब आहेत. इथे निदान एखादी भिंत? टोटोवाल्याला विचारलं, "दादा, इथे जुनं काय आहे?" त्याने आम्हाला थेट मातंगिनी हाजरांच्या पुतळ्यापाशी नेलं. २९ सप्टेंबर १९४२ रोजी हातात तिरंगा घेऊन मोर्च्यापुढे चालताना त्यांना गोळ्या लागल्या, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्याच डिसेंबरात इथे ताम्रलिप्त जातीय सरकार स्थापन झालं आणि १९४४ पर्यंत चाललं. मी आईला सांगत होते. तिने मध्येच विचारलं, "म्हणजे आपल्या साताऱ्याच्या पत्री सरकारासारखं?" मी हो म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई पुतळ्याकडे जरा वेळ बघत राहिली, मग चपला काढून तिने नमस्कार केला.

दोन हजार वर्षांपूर्वीचं तमलुक पायाखाली आहे, वर दिसत नाही. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या वतीने इथे उत्खनन केलं ते म. न. देशपांडे यांनी. पुढे ते खात्याचे महासंचालक झाले. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीच्या लेण्यांवरचा ग्रंथही त्यांचाच. त्यांना इथे मातीची भांडी, खापरं मिळाली, पण बांधकाम म्हणावं असं फारसं हाती लागलं नाही. दगड नसलेला हा मुलूख. विटा आणि माती, वर पाऊस, आणि मुख्य म्हणजे वर माणसं. एफेसस ओस पडलं म्हणून त्याचे खांब उरले. तमलुक कधी ओस पडलंच नाही. जुन्या विटा उचलून लोकांनी नव्या भिंती बांधल्या असणार, जुन्या तळ्यावर नवा घाट. इथली सर्वांत देखणी वस्तू, भाजल्या मातीची ती दागिन्यांनी मढलेली यक्षी, ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे.

वर्गभीमा देवीच्या देवळात नैवेद्याला शोल मासा असतो. हे कळल्यावर आईने दर्शन जास्तच मनापासून घेतलं. बाहेर पानवालीशी तिची गट्टी जमली. एकीला मराठी, दुसरीला बंगाली. तरी ह्या भागातली पानं आणि आमच्याकडची सुपारी यांची तुलना व्यवस्थित झाली. मी मध्ये पडले नाही. "माशिमा, बाडी कोथाय?" असं पानवालीने विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "रेवदंडा." पानवाली म्हणाली, "रेबदंडा." आई इथे आल्यापासून शेजारीपाजारी तिचं गाव असंच म्हणतात, आणि आधी तिला त्याचा राग यायचा.

गाडीत मी तिला सांगितलं की यात नवीन काही नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात आपल्या किनाऱ्यावरचं 'सेमिल्ला' येतं, ते म्हणजे चौल असं अभ्यासक मानतात. रेवदंडा त्या चौलचाच भाग. त्याच पुस्तकात शेवटी गंगेच्या मुखाशी 'गांगे' नावाचा बाजार येतो. तो नेमका कुठे होता यावर वाद आहे, काहींच्या मते इथेच. म्हणजे माझं माहेर आणि माझं आत्ताचं गाव एकाच पुस्तकात, मध्ये थोडी पानं.

"सेमिल्ला," आईने म्हणून पाहिलं. "चौलचं?" मग बराच वेळ खिडकीबाहेरचे पानमळे बघत राहिली. कोलाघाटचा पूल गेला.

रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला, तर ती म्हणाली, "आज ते राहू दे. त्या जाड डिक्शनरीतलं पाकीट काढ."

मी गप्प झाले. पाकीट काढलं.

"वाच."

मी वाचलं. लिहून देणार, लिहून घेणार, क्षेत्र, आकार, विहिरीचा हिस्सा, माडांची आणि पोफळींची संख्या. शेवटी चतुःसीमा. पूर्वेस सार्वजनिक रस्ता. दक्षिणेस शेजाऱ्यांची वाडी. उत्तरेस पाणंद. पश्चिमेस सरकारी जागा.

"परत वाच ते."

"पश्चिमेस सरकारी जागा."

"तुझ्या आजोबांच्या खतात पश्चिमेस समुद्र आहे," ती म्हणाली. सरकारी जागा म्हणजे मधला सुरूच्या बनाचा पट्टा, तो नंतर लावला, कागदोपत्री हेच बरोबर असेल, असं मी समजावून सांगायला लागले. तिने हाताने थांबवलं.

"त्याला उद्या फोन कर. म्हणावं, समुद्र लिही. मग सही करते."