चाकातली हवा आणि दिव्याचा इशारा

'इशारा' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. उर्दूत इशारा म्हणजे खूण, डोळ्याने किंवा हाताने केलेली सूचना. मराठीत तोच शब्द कडक होतो आणि धोक्याची ताकीद बनतो. दोन्ही भाषा शिकवताना हा फरक मला दरवर्षी मुलांना समजावून सांगावा लागतो. गेल्या डिसेंबरात तो घरातल्या मोठ्यांनाही सांगावा लागला आणि निमित्त होते मोटारीच्या चाकाचे.

धाकट्या भावाने गाडीची जुनी चाके काढून चकचकीत अलॉय व्हील बसवून घेतली. खालाच्या मुलीच्या निकाहसाठी जालन्याहून नागपूरला जायचे होते. गाडीत अम्मी, भाभी, दोन मुले, मी आणि डिकीभर सामान. चाके बदलून गाडी घरी येईपर्यंत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. गाडी सुरू केली की तो मिनिटभर लुकलुकायचा, मग स्थिर व्हायचा. दुकानदाराचे म्हणणे, "सेन्सरचा प्रॉब्लेम आहे, हवा बरोबर आहे. लक्ष देऊ नका." भावालाही ते पटले. "आपा, लाइटच आहे, राहू दे," तो म्हणाला.

मी गाडीसोबत मिळालेले पुस्तक काढले. त्यात लिहिले होते की दिवा नुसता स्थिर लागला तर एखाद्या चाकात हवा कमी आहे. आधी लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेला चाकांकडून खबरच मिळत नाही. कारण सरळ होते. या गाडीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्वला जोडलेला एक छोटा सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. दुकानदाराने नव्या चाकांना साधे रबरी व्हॉल्व लावले होते आणि सेन्सर जुन्या चाकांतच राहिले होते. जुनी चाके आमच्या जिन्याखाली पडून होती.

म्हणजे दुकानदाराचे अर्धे वाक्य खरे होते. पण 'हवा बरोबर आहे' हे त्याला कसे कळले, हा प्रश्न उरतोच. एका कारणाने दिवा आधीच लागलेला असेल, तर दुसरे कारण घडल्यावर तो वेगळे काय सांगणार?

निघायच्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, आम्ही गेज लावून चारही चाके मोजली. तीन चाकांत ३३ पीएसआय आणि मागच्या डाव्या चाकात २४. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांनी व्हॉल्ववर साबणाचे पाणी टाकले, तर बारीक बुडबुडे. त्यांनी व्हॉल्व बदलला, हवा भरली आणि आम्ही तासभर उशिरा निघालो.

हा तासभर का महत्त्वाचा, ते सांगते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि जालन्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेरीत जास्त दबतो आणि पुन्हा सरळ होतो. त्या सततच्या वाकण्याने तो आतून तापतो. वेग आणि वजन वाढले की उष्णता आणखी वाढते, आतले थर सुटू लागतात आणि टायर फुटतो.

हे दिवे आले तेही अशाच अपघातांनंतर. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. टायरचा थर सुटून मोटारी उलटत होत्या. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. तिथल्या नियमानुसार हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाली की दिवा लागला पाहिजे. हिशेब करा: ३३ चे २५ टक्के म्हणजे सुमारे ८. दिवा लागेपर्यंत आठ पीएसआय निघून गेलेले असू शकतात. म्हणजे दिवा विझलेला आहे याचा अर्थ हवा पुरेशी आहे असा होत नाही.

काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित घटतो आणि ते इतरांपेक्षा जास्त फिरते. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेवरून गाडी हा फरक ओळखते. अशा गाडीत चाके बदलल्यावर किंवा हवा भरल्यावर यंत्रणा 'रीसेट' करावी लागते. मात्र चारही चाकांत योग्य हवा भरल्यावरच. नाहीतर कमी हवेलाच ती बरोबर समजते.

तेव्हा चाके बदलताना दुकानदाराला आधी विचारा, "सेन्सर कुठे आहेत? नव्या चाकांत घालणार का?" टायर काढताना सेन्सर मोडू शकतो, म्हणून त्याला आधीच कल्पना द्या. सेन्सरची बॅटरीही काही वर्षांनी संपते. स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतो, त्यामुळे ती लावल्यावर दिवा लागू शकतो. स्टेपनी लहान आकाराची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा. बहुतेकदा ती ताशी ८० असते.

हवा किती भरायची, हे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते. टायरच्या कडेवरचा आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नसतो. माणसे आणि सामान जास्त असेल तर स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा घ्या. मोजणी सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी करा. प्रवासात टायर तापून दाब वाढतो, म्हणून गरम टायरमधली हवा काढू नका. उलट थंडीत तापमान १० अंशांनी उतरले तर दाब साधारण दीड-दोन पीएसआयने घटतो. हिवाळ्यात सकाळी लागणारा आणि दुपारी विझणारा दिवा खोटा नसतो, हवा काठावर आहे हेच तो सांगत असतो.

गेज काही शे रुपयांत मिळते. आमच्या घरी आता महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी भाची आकडे वाचते, भाचा वहीत लिहितो. भावाने सेन्सर नव्या चाकांत बसवून घेतले आहेत, तरी वही चालूच आहे. तुमच्या घरीही सातवी-आठवीतले मूल हे काम आनंदाने करील, ते त्याच्यावर सोपवून पाहा.