ड्रायव्हर हवा आहे

“ड्रायव्हर मिळत नाही, काका!” असे माझा पुतण्या माडीवरून ओरडला, तेव्हा खाली भाजी निवडीत बसलेल्या वहिनींनी मान वर न करताच उत्तर दिले, “मग रिक्षाने जा म्हणावे! सांगलीत रिक्षांना काय तोटा?” आम्ही सारे पोट धरून हसलो. झोपाळ्यावर बसलेले अण्णाही हसले. आज ती गोष्ट आठवली म्हणजे हसू येते खरे; परंतु ते तितके मोकळे येत नाही. का येत नाही, हेच सांगावयाचे आहे.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. तरुणपणी त्यांना छायाचित्रणाचा भारी नाद होता. घरातली लग्ने, मुंजी, बारशी, कृष्णेच्या घाटावरच्या सहली, असे सारे त्यांनी वीस-पंचवीस वर्षे टिपले. त्यातली कागदावर उतरलेली चित्रे थोडीच. बाकीच्या निगेटिव्हांची साठ पाकिटे एका पत्र्याच्या ट्रंकेत पडून होती. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला आणि गावभागातल्या आमच्या घरातही पाणी शिरले. ट्रंक आम्ही वेळीच माडीवर नेली म्हणून वाचली. तथापि पूर ओसरल्यावर उघडून पाहतो, तो ओल लागून काही फिती एकमेकींना चिकटलेल्या आणि काहींवर बुरशी धरलेली! तेव्हा हे सारे आता संगणकात उतरवून घ्यावे, असे घरात ठरले.

त्यासाठी लागणारे यंत्र घरात होतेच. २००६ साली घेतलेला तो स्कॅनर. त्याच्या झाकणातही दिवा असल्यामुळे निगेटिव्हमधून प्रकाश जाऊन तिचे चित्र घेता येई. दिवाळीनंतर आमचे काम सुरू झाले. रोज दुपारी चहा झाला, की मी फीत काचेवर मांडावी, पडद्यावर काळ्याचे पांढरे होऊन माणसे प्रकट व्हावीत, आणि अण्णांनी बोट ठेवून सांगावे, “ही मिरजेची आत्या. हा तिचा थोरला. पुढे रेल्वेत लागला. आणि हा कोपऱ्यात रुसून बसला आहे ना, तो तुझा बाप!” मी नावे टिपून घेई. संक्रांतीपर्यंत चौदा पाकिटे झाली.

आणि नेमकी तेव्हाच मला सुधारणेची बुद्धी झाली! आमच्या संगणकावर विंडोज ७ ही प्रणाली होती. १४ जानेवारी २०२० रोजी तिची नित्याची देखभाल बंद झाली. म्हणजे तिच्यात पुढे सापडणाऱ्या छिद्रांना ठिगळ लावणारा कोणी उरला नाही. शिवाय आमची प्रत ३२ बिटांची. अशा प्रणालीला स्मरणाच्या कोठारातील खणांचे क्रमांक ३२ अंकी द्विमान पद्धतीत लिहावे लागतात. असे क्रमांक होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे ४ गिगाबाइट. आम्ही कोठार वाढविले असते, तरी वरचे खण तिला दिसलेच नसते. म्हणून मी ६४ बिटांची नवी प्रणाली घालून घेतली. संगणक तोच; पण चालू लागला तो नव्या नवरदेवाच्या ऐटीत. दोन दिवस मी जो भेटेल त्याला हे कौतुक सांगत होतो. तिसऱ्या दिवशी स्कॅनरची तार जोडली. स्कॅनरचा दिवा लागला. पण संगणकाने कळविले, की हे उपकरण आपल्या ओळखीचे नाही. चौदा वर्षांचा घरोबा, आणि ओळख नाही!

येथे त्या ‘ड्रायव्हर’ शब्दाचा थोडा उलगडा केला पाहिजे. वहिनींची जी समजूत झाली, ती होण्याजोगाच तो शब्द आहे. मला विचाराल तर त्याला दुभाषी म्हणावे. संगणकाची प्रणाली सामान्य भाषेत आज्ञा करते, “चित्र घे.” स्कॅनरला मात्र दिवा केव्हा लावावा, गाडा किती सूक्ष्म पावलांनी पुढे सरकवावा, मोजलेला प्रकाश कोणत्या क्रमाने पाठवावा, हे त्याच्या खास बोलीत सांगावे लागते, आणि ही बोली प्रत्येक कारखान्याची निराळी. ह्या दोघांच्या मध्ये बसून एकाचे दुसऱ्याला समजावणारा छोटा कार्यक्रम, तो ड्रायव्हर. साधे ३२ बिटांचे कार्यक्रम ६४ बिटांच्या विंडोजमध्ये चालावेत अशी सोय केलेली असते. परंतु दुभाष्याचे आसन प्रणालीच्या थेट गाभाऱ्यात. तेथे जुन्या मापाचा दुभाषी चालत नाही. त्याने नव्या मापानेच लिहून आले पाहिजे.

आमच्या स्कॅनरचा नवा दुभाषी त्याच्या कारखान्याने लिहिलाच नव्हता. ज्या यंत्राची विक्री बंद होऊन वर्षे लोटली, त्याच्यासाठी कोण पदरमोड करणार? प्रणालीला दोष द्यावा, तर तोही न्याय्य नाही. गाभाऱ्यात बसलेला एखादा अडाणी दुभाषी सबंध संगणक कोसळवू शकतो. म्हणून तेथे कोणास घ्यावे ह्याचे नियम वर्षानुवर्षे कडक होत गेले. ३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आली, तेव्हा तिच्या ६४ बिटांच्या प्रतीत तर गाभाऱ्यातील ड्रायव्हरवर अंकीय स्वाक्षरी असल्यावाचून प्रवेशच नव्हता. त्या वर्षी पुष्कळांचे छपाईयंत्र, स्कॅनर, ध्वनीची पट्टी असे साहित्य ठणठणीत असूनही मुके होऊन बसले होते. तात्पर्य, आमचे दुखणे नवे नव्हते. मी चौकशी न करता त्यात उडी घेतली, एवढेच नवे.

दुरुस्तीवाला म्हणाला, “काका, नवा स्कॅनर घ्या.” निगेटिव्ह घेणाऱ्या स्कॅनरची किंमत ऐकून मी म्हटले, पुढच्या महिन्यात पाहू. पुढच्या महिन्यात भाचीचे लग्न निघाले. त्याच्या पुढच्या महिन्यात, २५ मार्चपासून, सबंध देशालाच कुलूप लागले. अण्णा रोज दुपारी चहाचा पेला खाली ठेवून विचारीत, “काय रे, बोलू लागले का तुझे यंत्र?” आणि मी रोज म्हणे, “नाही अण्णा, अजून नाही.”

ज्येष्ठ लागला आणि अण्णांच्या बोलण्यात एक बारीकसा फरक पडला. ते मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारू लागले. प्रथम आम्ही ते थट्टेवारी नेले. मग एके दिवशी त्यांनी वहिनींना विचारले, “आपण कोणाकडच्या?” त्या दिवशी घरात कोणी थट्टा केली नाही.

पुतण्या पुण्याहून टाळेबंदीमुळे घरी आला होता. त्याने मात्र हट्ट सोडला नाही. कोठल्याही अनोळखी ठिकाणचा ड्रायव्हर उतरवून घेऊ नये, त्यातून रोगच घरात यावयाचा, हे त्याला ठाऊक होते. त्याने निराळी वाट धरली. हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभलेली लिनक्स ही प्रणाली संगणकातील काहीही न पुसता पेनड्राइव्हवरून चालविता येते. तिच्या जोडीला ‘सेन’ नावाचा एक संच आहे. कारखान्यांनी सोडून दिलेल्या कित्येक स्कॅनरांचे दुभाषी त्यात स्वयंसेवकांनी पदराला खार लावून लिहिले आहेत. आमच्या यंत्राला त्याशिवाय मूळ तबकडीवरची एक छोटी फाइल हवी होती. ती तबकडी मी केव्हाच फेकून दिली असती. पण अण्णांनी तिच्यावर खरेदीची तारीख घालून कपाटात जपून ठेविली होती! आषाढातल्या एका संध्याकाळी गाडा पुन्हा कुरकुरत सरकला आणि पडद्यावर चित्र उमटले. विहिरीच्या काठावर धोतर-टोपीतला एक हसरा गृहस्थ, काखेत कलिंगड.

अण्णांनी बराच वेळ पाहिले. “ओळखीचा आहे,” ते म्हणाले. “फार ओळखीचा. नाव अगदी ओठांवर आहे बघ.” ते नाव त्या दिवशी आले नाही, आणि पुढेही आले नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत अण्णा गेले.

राहिलेली सेहेचाळीसही पाकिटे आम्ही उतरविली. चित्रे स्वच्छ आली आहेत. त्यांत नावे आहेत ती तुरळक. बाकीच्यांवर नुसता आकडा.

दोष कोणाला देऊ? पुष्कळ दिवस मी त्या कारखान्याला देत होतो. पण एकदा रिकाम्या वेळी ट्रंक आवरताना मी एक फीत सहज खिडकीच्या उजेडासमोर धरली, आणि मला आठवले, की अण्णांना निगेटिव्ह वाचण्यासाठी यंत्र कधीच लागत नसे. फीत अशी उजेडात धरून, काळ्याचे पांढरे मनातच करून, ते धडाधड नावे सांगत. त्या पाच महिन्यांत फिती घरात होत्या, खिडकी होती, अण्णा होते, पेन्सिल होती. चित्रे यंत्रावाचून अडली होती. नावे अडली नव्हती. ती मी अडविली. यंत्राचा दुभाषी शोधण्याच्या नादात, त्या माणसांचा आणि आमचा एकुलता एक दुभाषी झोपाळ्यावर बसून रोज चहा घेत होता, हे माझ्या ध्यानात आले नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चीही नित्याची देखभाल थांबली, आणि नवी विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचीच निघते. म्हणजे अनेक घरांत हाच खटाटोप चालू असणार. तो करावा, जुनी प्रणाली उघडी ठेवणे धोक्याचेच. मात्र आधी घरातील प्रत्येक यंत्राची यादी करून त्याचा नव्या मापाचा ड्रायव्हर आहे की नाही ते कारखान्याच्या संकेतस्थळावर पाहावे, तबकड्या जपाव्यात, जुन्या चकतीची नक्कल काढून ठेवावी, आणि हाती घेतलेले काम पुरे करूनच बदल करावा.

आणि ते काम घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाच्या आठवणीवर चालणारे असेल, तर यंत्राची वाट पाहू नये. वही घेऊन आजच दुपारी त्यांच्याजवळ बसावे.