खर्जातली मुलं

मिरजेत शाळेच्या वाटेवर सतारमेकर गल्ली लागायची. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले मोठमोठे भोपळे दुकानांच्या आढ्याला टांगलेले असत आणि खाली मांडी घालून बसलेला कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत असे. मर्दानी तंबोरा आणि जनानी तंबोरा यांतला फरक मला तिथे उभं राहून कळला. मर्दानीचा भोपळा मोठा, तारा लांब आणि जाड, खर्जाची तार पितळी. तो काळी एक-दोनला लागतो, जनानी काळी चार-पाचला. कारागिराच्या लेखी यात उच्च-नीच काही नव्हतं. तार लांब आणि जाड झाली की सूर खाली येणारच, एवढंच तो सांगे.

मुलाच्या गळ्यातही तेच घडतं. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांबतात, जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. आपण म्हणतो, पोराला कंठ फुटला. नवा आवाज अंगवळणी पडायला महिने जातात. या महिन्यांत त्याच्या हाती पाच-सहा सूरच भरवशाचे असतात; बाकीचे कधी लागतात, कधी दगा देतात.

शाळेत नेमकं याच वयात मुलगे गाणं सोडताना मी पाहिले. प्रार्थनेची पेटी काळी चारला धरलेली असायची, कारण पुढे उभ्या राहणाऱ्या मुलींना ती पट्टी सोयीची. आठवीपर्यंत आम्हीही त्यांच्यासोबत गायचो. नववीत मागच्या रांगेतल्या मुलांचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. त्यांना कुणी रागावलं नाही, आणि कुणी पेटी चार पट्ट्या खालीही आणली नाही. मोठ्या मुलांनी गायचं नसतं, असं न बोलता ठरून गेलं. त्यांच्यातले कितीतरी जण पुढे आयुष्यभर, आरती सोडली तर, गायलेच नाहीत. मला याचं अजून वाईट वाटतं.

आपल्या मराठी कानाला टिपेचा सूर फार प्रिय. वरचा षड्ज लागला की टाळी पडते. याला कारण आहे. ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा नाटकमंडळीच्या गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असे आणि ते काम चढा आवाजच करू शके. पुढे माईक आला तसा खालच्या पट्टीतल्या गळ्यालाही न्याय मिळाला. सैगल, तलत महमूद, हेमंतकुमार हे माईकच्या युगाचे गायक. आपल्याकडे अरुण दाते. ते कापड उद्योगातले अभियंते होते आणि शेजारी बसून बोलावं तसं गायचे. पण आपली टाळी जुन्याच सवयीने वरच्या सुराला पडत राहिली.

नोकरीसाठी बंगळुरूला आलो. 2010 मध्ये सिल्क बोर्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतचा उन्नत रस्ता सुरू झाला, त्याआधी होसूर रोडवर कंपनीच्या बसमध्ये संध्याकाळच्या संध्याकाळी अडकून पडावं लागे. बस थांबली की मागच्या बाकावर अंताक्षरी सुरू व्हायची. पंजाबी, तमिळ, मराठी, सगळे पुरुष आपापल्या खालच्या पट्टीत बिनधास्त गायचे, कारण ऐकणारा कुणी परीक्षक नव्हता.

आता इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नीलाद्री रोडवरच्या आमच्या सोसायटीत गणपतीत आणि 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, क्लबहाउसमध्ये कराओके होतं. नववी-दहावीतले मुलगे हमखास ‘सैराट’मधलं ‘याड लागलं’ निवडतात, नाहीतर अरिजित सिंगचं एखादं. अजय गोगावले ज्या उंचीवर गातात तिथे भलेभले गायक जपून जातात. मुखडा निभावतो, अंतऱ्याला मुलाचा आवाज चिरकतो, मागची पोरं हसतात आणि तो माईक ठेवून निघून जातो. पुन्हा येत नाही.

म्हणून मी गणपतीच्या आधी त्यांच्यासोबत बसू लागलो. गेल्या वर्षी एक मुलगा आला, माझ्याहून उंच, मान खाली घालून बोलणारा. म्हणाला, ‘‘काका, माझा आवाज गाण्याचा नाहीच.’’ मी त्याला म्हटलं, गाऊ नकोस. गेटवरच्या वॉचमनला सांगतोस तसा घरचा नंबर सांग. त्याने सांगितला. शेवटचा आकडा लांबवायला लावला आणि मोबाईलवरच्या तंबोऱ्याशी जुळवून पाहिला. पांढरी सातच्या जवळ, खालच्या सप्तकातली. घसा न ताणता, न दाबता, सहज. तिथून पायरी-पायरीने वर गेलो तर जेमतेम सहावा सूर धड लागला. त्याला चांगलं गाणं मिळायला तेवढे सूर पुरेसे होते.

मग गाणं शोधायचं. आधी अंतरा ऐकायचा, कारण आपल्या गाण्यांत चढण तिथेच असते. अंतरा वरच्या षड्जाकडे झेपावत असेल तर ते गाणं या वर्षी नको. नुसती पट्टी उतरवूनही भागत नाही. ॲपमध्ये एक बटण दाबलं की अर्धा सूर खाली येतो, पण फार उतरवलं तर मुखडा घशात बुडतो आणि वाद्यं भसाडी वाजतात. पट्टीइतकाच गाण्याचा पसारा महत्त्वाचा. ‘प्रेमगीत’ (1981) मधलं जगजीत सिंगांचं गाणं जवळजवळच्या सुरांत फिरतं, ते अशा गळ्याला चालतं. ‘सोलवा साल’ (1958) मध्ये आगगाडीत देव आनंदसाठी हेमंतकुमार गायले ते दोन-तीन पट्ट्या खाली घेतलं की बसतं. मराठीत त्यांचंच, लताबाईंसोबतचं ‘मी डोलकर’ आहे: शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल. पुरुषाचा भाग एकाने धरायचा आणि बाकीच्यांनी साथ करायची, म्हणजे एकट्यावर भार येत नाही. कन्नड येणाऱ्या मुलांसाठी पी. बी. श्रीनिवास. राजकुमारांना वर्षानुवर्षं आवाज दिला तो त्यांनीच, आणि इतका मऊ, खालचा पुरुषी आवाज दक्षिणेत क्वचितच ऐकू येतो.

त्या मुलाने हेमंतकुमार निवडले. जुनं गाणं म्हणून त्याला आधी संकोच वाटला. पण त्याच्या छातीतून घुमून निघालेला पहिला सूर त्याने स्वतः ऐकला आणि तो ताठ बसला. राज्योत्सवाला त्याने पी. बी. श्रीनिवासही म्हटले.

कराओकेच्या जन्माची हकीगत मी या मुलांना आवर्जून सांगतो. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक बारमधल्या हौशी गायकांना साथ करायचा. एका गिऱ्हाइकाला प्रवासात गायचं होतं आणि याच्याच साथीवर त्याला गाता येई. इनोउएने त्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून 1971 मध्ये त्याचं यंत्र तयार झालं. गाणाऱ्याला जमेल तशी साथ द्यायची, यासाठीच ही सगळी खटपट होती.

घरात किंवा सोसायटीत नववी-दहावीतला मुलगा असेल तर यंदा गणपतीच्या आधी एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढा. त्याला त्याच्या बोलण्याच्या सुरात गुणगुणू द्या, अंतरा आधी ऐका, पट्टी खाली आणा. मित्रांसमोर उभं राहण्याआधी एकदा तुमच्यासमोर त्याला पूर्ण गाणं म्हणू द्या, आणि मधे बोलू नका.