काच आणि लाकूड : धर्माबादहून निर्मलपर्यंत

धर्माबाद स्टेशनावर उतरले की गाव दिसण्याआधी नाकाला कळते. लाल मिरचीचा ठसका हीच या बाजारपेठेची ओळख. नांदेड जिल्ह्याचे हे टोक. पुढचे बासर तेलंगणात. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही बोली आजही एकाच दुकानात ऐकू येतात.

अशाच एका सुताराच्या दुकानात आपल्या समाजातील एक तरुण काम शिकतो. दारे-चौकटी करता करता तो कोरीव कामाकडे वळला. वस्तीतील बुद्धविहारासाठी त्याने सागवानाचे मोठे पिंपळपान कोरले. तथागतांच्या मूर्तीमागे प्रभावळ दिसावी म्हणून पानाच्या मधोमध पिवळ्या काचेची गोल चकती घट्ट बसवली. पैसा घराघरातून जमला होता; त्यात रोजंदारीवर जाणाऱ्या मायबहिणींचाही वाटा होता. आषाढी पौर्णिमेला काम सर्वांना आवडले. वैशाखात, बुद्धपौर्णिमा तोंडावर आली असताना, काच तडकली.

उस्तादांनी एवढेच विचारले, "लाकडाला जागा ठेवलीस का रे पोरा?"

लाकूड हवेतला ओलावा पिते. पावसाळ्यात ते फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तेही रेषांच्या आडव्या अंगाने जास्त, उभ्या अंगाने जवळजवळ नाहीच. म्हणून पावसाळ्यात कापलेले गोल भोक उन्हाळ्यात किंचित लंबगोल होते. काच मात्र ओलावा पीत नाही. एक मीटर काच तीस अंशांनी तापली तरी पाव मिलिमीटरच्या आसपासच वाढते. एक हलतो, दुसरी हलत नाही. मध्ये फट नसेल तर काचेच्या कडेवरचा बारीकसा ओरखडाही तड्याला पुरतो.

दुसऱ्या वेळी त्याने चांगले वाळलेले लाकूड घेतले. भोक चकतीपेक्षा थोडे मोठे ठेवले, काचेची कड दगडावर घासून गुळगुळीत केली. खाचेत जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून केलेल्या पुट्टीची मऊ गादी घातली. वरची पट्टी ठोकली ती लाकडाला, काचेला नव्हे.

ही मऊ गादीची युक्ती जुनी आहे. बासरच्या पुढे निर्मल गाव लागते. तिथल्या खेळण्यांना २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पोणिकी नावाच्या हलक्या लाकडाचे तुकडे तिथले कारागीर चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने जोडतात. तिथे काच नाही, पण सांधा भरायची अक्कल तीच.

काच आणि लाकूड यांचा खरा संसार पाहायचा तर ब्रह्मदेशाकडे वळावे लागते. मंडालेच्या कारागिरांनी लाकडी बुद्धमूर्ती आणि सिंहासने काचेच्या तुकड्यांनी सजवली. झाडाच्या चिकात राख किंवा भुसा मळून ते लाकडावर नक्षी उठवतात, ती ओली असतानाच काच दाबून बसवतात आणि वर सोन्याचा वर्ख देतात. याच मंडालेच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत ठेवले. १९१० साली बांधलेल्या त्याच्या राजवाड्याच्या लाकडी कमानींत रंगीत काचा आहेत. कोकणात जाणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

धर्माबादच्या विहारात आज नवे पिंपळपान उभे आहे. सकाळचे ऊन खिडकीतून आले की मूर्तीमागे पिवळा उजेड पसरतो. एके काळी जातीने ठरवून दिलेला हा धंदा आज आपला मुलगा हुन्नर म्हणून शिकतो आहे. आपल्या घरातल्या एखाद्या पोराचा हात पटाशीकडे वळत असेल, तर त्याला अडवू नका. पहिली काच तडकली म्हणून तर मुळीच नाही.