लूना लिहिली होती

रमजानचे शेवटचे दिवस आले की आमच्या घरी जकातीचा हिशेब मांडला जातो. या वेळी तो धाकट्या मुलीकडे दिला. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहिली तर जकात लागू होते, या मर्यादेला निसाब म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. पण तिने माझी मोटरसायकलही मालमत्तेत धरली. मी म्हटलं, "बेटा, सवारी धरत नाहीत. राहतं घर, रोजची भांडी, कारागिराची हत्यारं, यातलं काहीच नाही. कर्जसुद्धा वजा करायचं."

"का पण?" तिने विचारलं, आणि मला ती लूना आठवली.

२०११ ची सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना. शिक्षकाच्या वाट्याला अशी कामं येतातच. खुलताबाद तालुक्यातल्या एका गावात आम्ही दारोदार फिरत होतो. सोबतचा मुलगा टॅबलेटवर माहिती भरायचा. एका पत्र्याच्या घरापुढे जुनी लूना उभी होती. घरमालक वेरूळच्या रस्त्यावर हंगामात सीताफळं, एरवी पेरू विकायचा. टोपल्या त्या लूनावरूनच यायच्या. त्या गणनेत फ्रीज, दुचाकी, टेलिफोन अशा काही खुणा ठरवल्या होत्या. एक जरी सापडली तरी कुटुंब गरिबांच्या यादीतून आपोआप बाहेर. हे मला माहीत होतं, त्यालाही कुठून तरी कळलं होतं.

"सर, ये लिखनाच पडता क्या?"

मी नियमाचा माणूस. लिहायला लावली.

तोवर गरिबी मोजण्याबद्दल मी फार विचार केलेला नव्हता. पुढे वाचत गेलो. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळतात का, हा प्रश्न धरून हिशेब केला. निदान ताटापासून सुरुवात होती. सुरेश तेंडुलकरांच्या पद्धतीने २०११-१२ साली ग्रामीण महाराष्ट्राची रेषा आली माणशी महिना ९६७ रुपये, म्हणजे दिवसाला ३२. आपल्या पिवळ्या रेशनकार्डाची तऱ्हा तर न्यारीच. १९९९ साली कार्डांना तीन रंग दिले, तेव्हा पिवळ्यासाठी कुटुंबाची मर्यादा होती वर्षाला १५,००० रुपये. पाच माणसांच्या घरात माणशी रोजचे आठ रुपये. त्यात जगून दाखवणाऱ्याला कार्ड नाही, सनद द्यायला हवी होती! एवढं कमी उत्पन्न दाखवायचं म्हणजे कागदावर खोटं बोलणं आलंच, आणि मग गरीब लबाड असतात असं म्हणायला आपण मोकळे.

निसाबाचा हिशेब देणारा कोण हे शोधतो, सरकारी रेषा घेणारा कोण हे. दोन्हींची सरळ तुलना होत नाही, हे मान्य. पण ज्या वस्तूवर पोट चालतं ती श्रीमंतीत मोजायची नाही, एवढं जुन्या फकीहांना कळत होतं.

२०१६ नंतर घरकुलाच्या याद्या त्याच गणनेवरून निघाल्या. त्याचं नाव नव्हतं.

२०२४ मध्ये घरकुलाच्या निकषांतून दुचाकी आणि फ्रीज वगळले. त्यानंतर तो मला रस्त्यावर भेटला. लूना कधीच भंगारात गेली होती. पेरू आता मुलाच्या हप्त्यावरच्या मोटरसायकलवरून येतात. घर तेच, पत्र्याचं. मी किलोभर पेरू घेतले. त्याने पैसे घ्यायला नको म्हटलं, मी दिले.

"अब गाडी चलती बोलते, सर," तो म्हणाला. "इस बार लिखने को कौन आनेवाले?"