‘मायसेल्फ’ म्हणजे ‘मी’ नव्हे

परकी भाषा बोलताना मनुष्य मोठ्या शब्दांना सहसा अडखळत नाही. तो अडखळतो लहान शब्दांना. मोठा शब्द कोशात सापडतो व पाठ करता येतो. लहान शब्द मात्र मातृभाषेच्या सवयीने तोंडातून निघून जातो, आणि तेथेच घात होतो. इंग्रजीतील ‘सेल्फ’ हा असाच एक लहान शब्द होय. मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ ही त्याची रूपे. आपल्या शालेय व्याकरणात ‘आपण’ व ‘स्वतः’ ह्यांना आत्मवाचक सर्वनामे म्हणतात. हे शब्द त्याच जातीचे. त्यांविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात असे आम्ही योजिले आहे, आणि त्यास कारणही तसेच घडले आहे.

आमच्या सिल्वासा नगरातून पोर्तुगीज अंमल २ ऑगस्ट १९५४ रोजी उठला, आणि १९६१ साली हा प्रदेश भारतीय संघराज्यात केंद्रशासित म्हणून समाविष्ट झाला. पुढे करांच्या सवलतींमुळे येथे कारखाने आले. कृत्रिम धाग्याचे आले, प्लास्टिकचेही आले. वारली, कोकणा, ढोडिया, मराठी, गुजराती अशा नाना बोली बोलणाऱ्या घरांतील मुले आज त्यांच्या दारांशी मुलाखतीस उभी राहतात. त्यांच्या घरी बोलली जाणारी भाषा कोणतीही असो, मुलाखतीतला पहिला प्रश्न पुष्कळदा इंग्रजीत येतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीची एक मुलगी अशीच एका ठिकाणी गेली. हिशेबात पक्की, अक्षर मोत्यासारखे. नाव विचारताच तिने “मायसेल्फ” असे म्हणून आपले नाव सांगितले. समोरचे दोघे गृहस्थ एकमेकांकडे पाहून हसले. पुढच्या प्रश्नांची उत्तरे तिला येत होती, परंतु तोंडातून शब्द फुटेना. घरी येऊन ती म्हणाली, “फादर, मी आता कुठंच जाणार नाही.”

वाचकहो, एका शब्दापायी एका शहाण्या मुलीने पोटापाण्याच्या वाटेकडे पाठ फिरवावी, ही गोष्ट आम्हांस फार लागली. म्हणून त्या दिवसापासून आमच्या ओसरीवर संध्याकाळी ह्या शब्दाचा अभ्यास चालू झाला. ती मुलगी आली, आणि हळूहळू तिच्या मैत्रिणीही आल्या.

प्रथम तिची चूक कशातून निघाली ते पाहू. मराठीत ‘मी’ म्हटले की काहीसे उघडे वाटते. ‘मी स्वतः’ म्हटले की बोलण्यास वजन येते. समोरच्यास ‘आपण’ म्हटले की मान दिल्यासारखे होते. ‘आपण’ आणि ‘स्वतः’ हे आपल्याकडे आदराच्या आणि भाराच्या घरातले शब्द आहेत. ‘मायसेल्फ’ हा शब्द त्यांचा इंग्रजी भाऊ आहे असे कळल्यावर मुलीस वाटले की ‘आय’ ह्या एकाक्षरी शब्दापेक्षा तोच अधिक सभ्य. म्हणजे चुकीच्या मुळाशी उद्धटपणा नव्हता, अदब होती. परंतु इंग्रजीची रीत निराळी. तेथे ‘मायसेल्फ’ एकटा वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही. त्याच्याआधी ‘आय’ हवाच. ‘आय मायसेल्फ’ म्हणजे मी स्वतः. नुसता ‘मायसेल्फ’ म्हणजे मालकावाचून आलेली सावली. नाव सांगताना “आय ॲम” किंवा “माय नेम इज” एवढे साधे शब्द पुरे होतात, आणि त्यांत कसलाही उद्धटपणा नाही.

मग ह्या शब्दाचे खरे काम कोणते? क्रिया करणारा आणि ती सोसणारा एकच असेल, तेव्हा इंग्रजी क्रियापदापुढे तो ठेवते. “ही हर्ट हिम” म्हणजे त्याने दुसऱ्या कोणास दुखविले. “ही हर्ट हिमसेल्फ” म्हणजे तो स्वतःच दुखावला. एका शब्दाने माणूस बदलतो.

आता मराठीकडे पाहा. पुष्कळ ठिकाणी आपण हे काम सर्वनामाकडे देतच नाही. क्रियापदाकडूनच करवून घेतो. ‘घेणे’ आणि ‘देणे’ ही दोन क्रियापदे त्यासाठी आपल्यापाशी आहेत. “तिने भात वाढून घेतला” म्हटले की स्वतःच्या पानात. “वाढून दिला” म्हटले की दुसऱ्याच्या. ‘स्वतः’ हा शब्द उच्चारावाही लागत नाही. पाहुण्यास आपण “वाढून घ्या” म्हणतो. इंग्रज त्याच जागी “हेल्प युवरसेल्फ” म्हणतो. शब्दशः पाहिल्यास त्याचा अर्थ ‘स्वतःस मदत करा’ असा विचित्र होईल. ‘घ्या’मधले मर्म ध्यानी आले की तोच वाक्प्रयोग घरचा वाटू लागतो. ओसरीवर आम्ही हे सांगितले, तेव्हा ती मुलगी म्हणाली, “म्हणजे फादर, आमच्या ‘घे’मध्येच सेल्फ आहे!” कोणा शिक्षकास ह्याहून चांगले सांगता आले नसते.

परंतु सावधगिरीही हवी. प्रत्येक ‘घेणे’पुढे सेल्फ लागत नाही. समजून घेणे ह्यास एक ‘अंडरस्टँड’ पुरतो. तोंड धुणे, कपडे घालणे, दाढी करणे ह्या नित्याच्या क्रियांना इंग्रज नुसते ‘वॉश’, ‘ड्रेस’, ‘शेव्ह’ म्हणतो. त्या मनुष्य स्वतःच्याच करतो, हे गृहीत धरलेले असते. लहान मूल प्रथमच आपले आपण कपडे घालू लागले, तर मात्र “ही ड्रेस्ड हिमसेल्फ” असे कौतुकाने म्हणतात. उलट काही क्रियापदांना सेल्फ लागतो आणि आपली मुले तो गाळतात. मौज केली हे सांगताना “आय एन्जॉइड” एवढ्यावर थांबू नये. कशाची मौज ते सांगावे, नाहीतर “आय एन्जॉइड मायसेल्फ” म्हणावे. अर्जात सवलतीचा लाभ घेणे लिहिताना ‘अव्हेल’पुढे सेल्फ व त्यापुढे ‘ऑफ’ ही जुनी शुद्ध रीत. आपल्याकडील जाहिरातींत ती बहुधा पाळलेली दिसत नाही. आणि दोघे एकमेकांस भेटले तर तेथे ‘देमसेल्व्ह्ज’ मुळीच नको. नुसते “दे मेट” पुरे.

एक भेद मात्र व्याकरणाहून मोठा आहे. बोट कापले तर आपण “मला लागलं” म्हणतो. लागणे ही आपल्यावर येणारी गोष्ट. त्यात कोणाकडे बोट दाखविलेले नसते. इंग्रजीत “आय हर्ट मायसेल्फ” म्हणतात. तेथे करणारा ‘मी’ होतो. चुकून लागले असेल तरीही असे म्हणतात, आणि पाय घसरून पडलेल्याने तसे म्हटल्यास काही बिघडत नाही. परंतु एकदा बोटास पट्टी बांधलेला एक तरुण कामगार अपघाताचा कागद आम्हांस दाखवावयास आला. यंत्राचा पट्टा सुटून त्याच्या बोटास लागला होता, आणि त्याने लिहिले होते, “आय इंजर्ड मायसेल्फ.” त्याच्या मनात साधे ‘मला लागलं’ होते, कागद मात्र म्हणत होता की इजा त्याची त्यानेच केली. आम्ही त्यास, पट्टा सुटला आणि त्याने बोटास इजा केली, असे जसे घडले तसे लिहावयास सांगितले. सही करण्यापूर्वी अशा वाक्यातला कर्ता कोण आहे हे प्रत्येकाने पाहावे.

ह्या अडचणी एकट्या आपल्याच वाट्यास आलेल्या नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले. आपल्या देशाच्या भाषा त्यांस प्रौढपणी शिकाव्या लागल्या. पुढे त्यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचिले. ते १६१६ साली छापले गेले. एका इंग्रजास आपल्या ‘घेणे–देणे’चा मार्ग सापडला, तर आपल्या मुलांस त्यांच्या ‘सेल्फ’चा का सापडू नये?

आईबापांस आमची एवढीच विनंती की, मुलाच्या इंग्रजीस घरात तरी हसू नये. हसणारे बाहेर पुष्कळ भेटतात. जेवावयास बसल्यावर ‘वाढून घे’ आणि ‘वाढून दे’ ह्या दोहोंचे इंग्रजी मुलांस विचारावे. तुम्हांस ते येत नसले तरी चालेल. मराठी वाक्य तुमचेच असेल, आणि निम्मे उत्तर त्यातच आहे.